ट्रॅकवर मिसिंग मारते, घरी आली की गप्प

प्रश्न : उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. पुण्याहून दुसऱ्या हाताची जर्मन टू-सीटर घेतली. दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो, पेट्रोल. यंदा जानेवारीत कोल्हापूरच्या मित्रांबरोबर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला) गेलो. पहिली दोन सेशन झकास झाली. तिसऱ्यात वळणातून बाहेर पडून ॲक्सिलरेटर दाबला की पाच हजारच्या पुढं इंजिन थडथडायला लागलं, चेक इंजिनचा दिवा लुकलुकला, मग ईपीसीचा (इलेक्ट्रॉनिक पॉवर कंट्रोलचा) दिवा लागला आणि गाडीतला जीवच गेला. बंद करून चालू केली तर ठीक. एका लांब वळणात तेलाच्या किटलीचा लाल दिवाही क्षणभर लागून गेला. परत येताना हायवेला काही नाही. आता एबीएसचा आणि टायरचा दिवा मात्र कायम आहे. इथल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावून बिघाडाचे कोड पुसले आणि ‘सगळं चेंज माडबेक्री’ (सगळं बदलायला पाहिजे) म्हणत चारही कॉइल, प्लग, इंजेक्टर आणि पेट्रोल पंप अशी यादी हातात ठेवली. आकडा ऐकून वडील म्हणतात, गाडीच विकून टाक. सुरुवात कुठून करू? चोर्ला घाटात एकदा ताणून बघू का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नमस्कार. गाडीची कंपनी आणि मॉडेल तुम्ही लिहिलं होतं, ते मुद्दाम गाळलं आहे. बेळगावात तशी गाडी एखादीच असणार, आणि टिळकवाडीत कुणाची ते ओळखायला कुणाला वेळ लागला नसता.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चोर्ल्यात नाही. तिथं समोरून ट्रक येतो, गोव्याला निघालेली पोरं येतात, कणकुंबीच्या पुढं धुकं असेल तर तेही येतं. वर त्या रस्त्यावर पाच हजार आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून डॅशबोर्डकडे बघायचं म्हणजे दोन्हींपैकी एक काम धड होणार नाही. शिवाय गाडीत जो खरा धोका आहे तो घाटात ताणून कळणारा नाही, वाढणारा आहे.

तो धोका म्हणजे लाल दिवा. मिसिंगबद्दल, म्हणजे सिलिंडरमधला स्फोट मधेच हुकण्याबद्दल, तुम्ही पत्रात पाच-सहा ओळी लिहिल्यात आणि तेलाच्या दिव्याबद्दल एक. मी असतो तर उलटं केलं असतं. मिसिंगनं कॉइल जाते, फार तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा डबा) जातो. तेलाचं प्रेशर गेलं तर इंजिन जातं. लांब वळणात गाडी बाहेरच्या बाजूला ओढली जाते तसं चेंबरमधलं (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातलं) तेलही त्या बाजूला चढतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) बेरिंगला तेवढा वेळ तेल मिळत नाही. टायर जितके चिकट तितका वळणातला वेग जास्त, तितकं हे जास्त. तेलाची पातळी खालच्या खुणेला असेल तर झालंच. म्हणून ट्रॅकवर निघताना तेल वरच्या खुणेपर्यंत हवं. त्याच्या वर नको, नाहीतर क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाचं प्रेशर येत नाही.

तुमचा धंदा इथं कामाला येतो. तेल बदला आणि जुना फिल्टर फेकू नका. कागदी घडीचा असेल तर ब्लेडनं कागद सोडवा. पत्र्याच्या डब्याचा असेल तर चाक फिरवून कापायचं कटर वापरा, हॅकसॉ नको, नाहीतर आपणच पाडलेला चुरा बघत बसाल. घड्या पांढऱ्या कागदावर पिळून पसरा, उन्हात धरा आणि खालून चुंबक फिरवा. जे ओढलं जातं ते पोलाद. जे चमकतं पण चुंबकाला दाद देत नाही, पापुद्र्यासारखं चपटं असतं, ते बेरिंगच्या थराचं असू शकतं. बर (कापताना राहिलेली धार) कसला आणि घासून निघालेली कणी कसली, हे रोज मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला कोणी शिकवायला नको. थोडी राखाडी चिकटण असेल तर घाबरू नका. चकाकी दिसली तर चेंबर खाली उतरवल्याशिवाय पुढचं काही करू नका. कागद स्वच्छ निघाला तरी प्रेशर सेन्सर काढून तिथं काट्याचं गेज लावा, इंजिन पूर्ण गरम करा, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) आणि दोन-तीन हजारांवर आकडा बघून मॅन्युअलशी ताडा. हे होईपर्यंत गाडी बाजारात नेऊन आणा, ट्रॅकवर नको.

आता मिसिंग. इंजिन मिसिंग मारतंय हे कॉम्प्युटरला ठिणगी बघून कळत नाही. क्रँकवरच्या दातेरी चकतीचे दात सेन्सरसमोरून किती वेळात सरकतात ते तो मोजत असतो. चार सिलिंडरचं इंजिन सहा हजार आरपीएमला सेकंदाला २०० वेळा पेटतं. त्यातला एखादा स्फोट हुकला की क्रँक त्या क्षणी किंचित मंदावतो, आणि कुठल्या दातापाशी मंदावला त्यावरून सिलिंडरचा नंबर ठरतो. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड म्हणजे त्या त्या नंबरचा सिलिंडर; पी०३०० म्हणजे एकाच ठिकाणी बोट ठेवता येत नाही. यात एक गंमत आहे. चाकं ट्रॅकच्या कडेच्या कर्बवरून थडाथड गेली तर तो धक्का ॲक्सलमधून उलटा क्रँकपर्यंत येतो आणि नसलेली मिसिंगही नोंदली जाऊ शकते. म्हणून अशी नोंद कर्बवर असताना झाली की सरळ रेषेत, हे आठवा. तुमच्या बाबतीत ताकदच गेली, त्यामुळे ती खरीच होती असं मी धरतो.

चेकचा दिवा स्थिर पेटला तर घरी येऊन बघू असं म्हणता येतं. लुकलुकला की पाय त्याच क्षणी उचलायचा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं. आतली जाळी त्या उष्णतेत वितळते, आणि मग मिसिंग बरी झाली तरी गाडी पळत नाही, कारण धुराची वाटच बुजलेली असते. कोइम्बतूरला तुम्ही त्यानंतर किती लॅप मारल्या ते लिहिलं नाहीत. एकापेक्षा जास्त असतील तर कन्व्हर्टरही तपासायच्या यादीत घाला.

गॅरेजवाल्यानं कोड पुसले ही मला त्याच्या यादीपेक्षा जास्त खटकलेली गोष्ट. कोड पडतो त्या क्षणाची नोंद कॉम्प्युटर जपून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात: आरपीएम किती, लोड किती, पाण्याचं तापमान किती, पेट्रोलची मात्रा वाढवली होती की घटवली. पुसलं की ती नोंदही जाते. स्कॅनर लावणाऱ्याला इथून पुढं आधी सांगायचं, फोटो काढ, मग हात लाव. आणि ब्लूटूथवर चालणारा एक ओबीडी डोंगल (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लागणारा छोटा स्कॅनर) घेऊन फोनवर स्वतः नोंद ठेवा. ॲपला एका वेळी पंधरा आकडे मागू नका. इतके मागितले की प्रत्येक आकडा इतक्या सावकाश येतो की हुकलेला क्षण दोन नोंदींच्या मधेच निसटतो. आरपीएम, बूस्ट (टर्बोचा दाब), आत येणाऱ्या हवेचं तापमान, रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतलं) पेट्रोलचं प्रेशर, फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरनं पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं) आणि जमलं तर प्रत्येक सिलिंडरची मिसिंग मोजणी, एवढं पुरे.

तुमच्या पत्रात खरं उत्तर अर्धं दडलेलं आहे. पहिली दोन सेशन ठीक, तिसऱ्यात त्रास : म्हणजे गरम झाल्यावर. वळणातून बाहेर पडताना : म्हणजे टाकीतलं पेट्रोल एका बाजूला गेलेलं असताना. पाच हजारच्या पुढं, पाय दाबलेला : म्हणजे टर्बो भरात असताना. हायवेला यातलं काहीच नसतं. शंभर-एकशेदहानं सरळ येताना टर्बोवर भार जवळजवळ नाही, बॉनेटखाली वारा भरपूर. कारीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, सरळ पट्टे आखूड, त्यामुळे इंजिनला श्वास घ्यायला उसंत कमी. या तीन अटी एकमेकींपासून सोडवल्या की यादीतले तीन-चतुर्थांश पार्ट आपोआप गळतील.

गरम आणि भार या दोन्ही एकत्र आल्या की माझा पहिला संशय प्लग आणि कॉइलवर. टर्बोनं सिलिंडरमध्ये जितकी हवा दाबून भरली तितकं ठिणगीला प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजून गॅप वाढलेला प्लग आयडलला नीट चालतो आणि भारात हार मानतो. टर्बो इंजिनांत गॅप बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. फिलर गेज तुमच्या टेबलावर आहेच. प्लग काढलात की पांढऱ्या चिनी मातीवर उभी, पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ आहे का बघा. ठिणगी खाली न जाता बाजूनं पळाल्याची ती खूण. कॉइलच्या रबरी नळीत तशीच रेघ किंवा पांढरट भेग मिळेल. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलंय का, कॉइलच्या कनेक्टरची क्लिप उष्णतेनं कडक होऊन तुटलीय का, तेही बघा. जुन्या जर्मन गाड्यांत ही क्लिप हात लावताच तुटते, आणि मग कनेक्टर कर्बच्या हादऱ्यानं हलत राहतो.

बदलण्याआधी अदलाबदल करा. समजा नोंद तिसऱ्या सिलिंडरची आली. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर टाका, तिसऱ्याचा प्लग चौथ्यात, आणि त्यांचे तिसऱ्यात आणा; दुसऱ्याला हात लावू नका. पुन्हा तीच परिस्थिती आणा. मिसिंग पहिल्यावर गेली तर कॉइल, चौथ्यावर गेली तर प्लग. तिसऱ्यातच राहिली तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कंप्रेशन, आणि मग कंप्रेशन गेज लावायचं. कॉइल आणि प्लग दोन्ही एकाच ठिकाणी हलवलेत तर काहीच कळणार नाही. बरीच गॅरेज नेमकं हेच करतात. प्लग बसवताना इंजिन थंड हवं आणि टॉर्क रेंच हवाच. अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले तर दोष गाडीला देऊ नका.

पुण्याच्या आधीच्या मालकाला एक फोन करा : रिमॅप (जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं) केलंय का? अशा गाड्यांत ते सर्रास असतं आणि विकताना कोणी बोलत नाही. बूस्ट वाढवलेला असेल तर कंपनीच्या गॅपवर आणि जुन्या कॉइलवर तो टिकत नाही, आणि आपण मात्र चांगले पार्ट बदलत बसतो. रेकॉर्ड केलेला बूस्ट कंपनीच्या आकड्याच्या वर दिसला तर फोनवर काहीही सांगितलं तरी उत्तर तुमच्या हातात आहे.

वळणाचा भाग पेट्रोलशी निगडित. टाकी पाव उरली की वळणात पेट्रोल पंपाच्या तोंडापासून दूर जातं. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर टाकी दोन कप्प्यांची आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात ओढून घेण्याची भानगड वेगळीच. पुढच्या वेळी प्रत्येक सेशनला निम्म्याच्या वर पेट्रोल ठेवा. त्यानंच मिसिंग गेली तर पंपाला हात लावायचं कारण नाही. नाही गेली, तर रेलमधलं प्रत्यक्ष प्रेशर आणि कॉम्प्युटरनं मागितलेलं प्रेशर शेजारी ठेवून बघा. वरच्या आरपीएमला मागणी वर आणि प्रत्यक्ष खाली, अशी फट दिसली, किंवा पी००८७ पडला, तरच पंपाकडे वळायचं. आणि तेव्हाही टाकीतला कमी दाबाचा पंप आणि फिल्टर आधी, इंजिनवरचा महाग पंप नंतर. तो महाग पंप भरपेट पेट्रोल मिळालं नाही तर करणार काय?

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इथं ते येतंच. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के पेट्रोल जास्त द्यावं लागतं. कॉम्प्युटर ते ट्रिम वाढवून भागवतो, म्हणून जुन्या गाडीत ट्रिम अधिक आठ-दहा दिसला तर लगेच गळती शोधू नका. अधिक वीसच्या घरात गेला तर मात्र शोधा. वर्दळीच्या पंपावर पेट्रोल फार दिवस पडून शिळं होत नाही. शिळं होतं ते तुमच्या टाकीत. गाडी पावसाळाभर कव्हरखाली उभी असेल तर इथेनॉलनं ओढलेला ओलावा खाली बसलेला असू शकतो. जून ते सप्टेंबर गाडी फिरणार नसेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा कमी राहते.

बूस्टची गळती तुम्ही स्वतःच शोधू शकता, आणि शोरूमपेक्षा बरी. टर्बोच्या तोंडाला बसेल असा नायलॉनचा बूच लेथवर काढा, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून हवा सोडा. एक बारच्या वर नको, आणि बूच उडाला तर समोर तोंड नको. सगळ्या होजच्या जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे बोलतील. मोजलेली हवा वाटेत निसटली की पेट्रोल जास्त पडतं आणि भारात मिसिंग येते. दोनशे रुपयांच्या क्लिपचं काम अनेकदा टर्बोच्या नावावर खपतं.

इनटेक व्हॉल्व्हवर साठणाऱ्या कार्बनबद्दल कोल्हापूरचे मित्र बोलतीलच. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनात तो साठतो हे खरं, अक्रोडाच्या टरफलाचा भुगा मारून तो काढतातही. पण त्याची मिसिंग बहुधा सकाळी थंड इंजिनाला येते, तिसऱ्या सेशनला नाही. शेवटी बघा.

ईपीसीचा दिवा वेगळा आजार नाही. ॲक्सिलरेटरनं मागितलेली ताकद आणि इंजिनानं दिलेली ताकद यांचा मेळ बसेना की कॉम्प्युटर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) आवरता घेतो. जीव गेल्यासारखं वाटलं ते त्यामुळे. तरी कोड वाचून घ्या, थ्रॉटल किंवा पेडलच्या सेन्सरचा निघाला तर ती गोष्ट निराळी.

टायरचा दिवा ट्रॅकवाल्यांच्या घरी ठरलेला. थंड असताना ३० अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर ८० अंशांना जाईपर्यंत ३९-४० होतो. तिथं कोणीतरी हवा सोडून पुन्हा ३२ करतं, आणि बेळगावात सकाळी तोच टायर २४-२५ वर असतो. हवा भरा, मेनूमधून रीसेट करा, बहुतेक तेवढंच.

एबीएसचा दिवा मात्र रीसेट करून झाकू नका. चाकाशी सेन्सर असतो, त्याची वायर सस्पेन्शनजवळून जाते, आणि ब्रेकची लोखंडी धूळ चुंबकी रिंगवर चिकटते. कुठलं चाक ते कोड सांगेल. बेरिंगला खेळ आहे का हलवून बघा. आणि उंदीर! ऊसतोड सुरू झाली की शेतातली उंदरं-घुशी आसरा शोधत येतात, आणि कव्हरखालची दोन महिने उभी गाडी त्यांना फुकटचं घर. बॅटरीखाली लेंड्या किंवा कापसाचा बोळा सापडला तर सेन्सरवर पैसे घालण्याआधी वायर बोटांनी शेवटपर्यंत चाचपा. चाक काढलंय तर पॅडची जाडी बघून घ्या. ब्रेक फ्लुइडची पातळी उतरली असेल तर नुसतं ओतू नका, पॅड झिजले की ती उतरतेच. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा प्यालं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर ते बदललं नसेल तर ट्रॅकवर पेडल मऊ पडेल, आणि त्याचा दिवा कुठलीही कंपनी देत नाही.

पैसे म्हणाल तर आधी तेल-फिल्टर, प्लग आणि ब्रेक फ्लुइड एवढंच विकत घ्या. कॉइल अदलाबदलीनंतर, जी सापडेल ती. वय झालं असेल तर चारही घेतल्या तरी हरकत नाही, पण निर्णय तुमचा असू द्या. इंजेक्टर आणि पंपाची यादी परत करा. पूर्ण भारावर तपासायचं असेल तर पुण्याला किंवा बेंगळुरूला रोलिंग डायनोवर (रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर) नेऊन नोंद घ्या. आणि ट्रॅकवर सेशन संपलं की शेवटची लॅप सावकाश मारून, बॉनेट उघडून दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवा. लगेच बंद केलं तर वारा थांबतो आणि सगळी उष्णता त्याच कॉइलवर चढते.

वडिलांच्या बोलण्यात पंपाच्या आकड्यापेक्षा वजनदार एक मुद्दा आहे, तो त्यांनी काढला नसेल. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर भिंतीला लागली तर खर्च तुमचा. पॉलिसीवरचं ‘वापराची मर्यादा’ हे कलम एकदा त्यांच्यासोबत बसून वाचा, मग विकायचं की ठेवायचं ते ठरवा. ठेवलीत तर फिल्टरच्या कागदाचा आणि कोडचा फोटो इकडे पाठवा; सिलिंडरचा नंबर कळला की पुढचं बोलू.